उमेद आणि सत्य : कलाविषयक माहितीपटांच्या निवडीचा प्रश्न

गोषवारा

महाविद्यालयीन उपक्रमांत कला व सर्जनशीलता या विषयांवरील 'प्रेरणादायी' माहितीपट दाखविण्याची प्रथा आता रुळली आहे. मात्र प्रेरणादायी म्हणजे नेमके काय, याचा विचार निवडीच्या वेळी क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात काही निवडक माहितीपटांच्या आधारे या प्रश्नाची मांडणी केली आहे. यशकथेतून मिळणारी उमेद बहुधा काही तथ्ये वगळून मिळविलेली असते. कलावंताच्या प्रत्यक्ष कामाच्या दर्शनातून मिळणारी उमेद अधिक टिकाऊ असते. सत्यजित राय यांचा 'द इनर आय' (१९७२) हा लघुमाहितीपट या दुसऱ्या प्रकारचा उत्तम नमुना आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रास्ताविक

मराठीत 'डॉक्युमेंटरी' या प्रकारासाठी दोन शब्द रूढ झाले. 'अनुबोधपट' हा जुना शब्द आणि 'माहितीपट' हा आज अधिक प्रचलित असलेला. पहिल्या शब्दात बोधाची अपेक्षा आहे, तर दुसऱ्यात माहितीची. कलाविषयक चित्रपटांची निवडही बहुधा या दोन अपेक्षांमध्येच अडकलेली दिसते. कलावंताचा जन्म, शिक्षण, पुरस्कार आणि प्रमुख कलाकृती यांची माहिती देणारा चित्रपट अभ्यासाला उपयुक्त मानला जातो. संकटांवर मात करून यशस्वी झालेल्या कलावंताचा चित्रपट संस्कारक्षम मानला जातो. दोन्ही अपेक्षा पूर्ण करूनही एखादा चित्रपट कलेविषयी काहीच सांगत नाही, असे घडू शकते. चित्रकाराची संपूर्ण जन्मकथा कळते, पण त्याने रेषा कशी ओढली हे कळत नाही.

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. कला शाखेतील, विशेषतः भाषा, संगीत वा चित्रकला या विषयांतील विद्यार्थ्यासमोर आपण हे का शिकत आहोत, हा प्रश्न कायम असतो. त्याला उमेद देणे हे अध्यापकाचे काम आहेच. परंतु ही उमेद अर्धसत्यावर उभी असेल, तर विद्यार्थी पहिल्याच अपयशाला स्वतःचा दोष समजून बसतो. म्हणून चित्रपट पाहून प्रेक्षकाचे मन प्रसन्न होते की नाही, एवढे पाहणे पुरेसे नाही. ती प्रसन्नता कशातून आली, हेही तपासावे लागते.

यशकथेचे आकर्षण आणि तिची किंमत

मालिक बेंजेलूल यांचा 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' (२०१२) हा या प्रकारातील सर्वाधिक लोकप्रिय चित्रपटांपैकी एक होय. त्याला २०१३ मध्ये सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातील रॉड्रिगेझ या गायक-गीतकाराच्या १९७० व १९७१ मधील दोन ध्वनिमुद्रिका त्याच्या स्वतःच्या देशात चालल्या नाहीत. तो अंगमेहनतीची कामे करून जगू लागला. त्याच काळात वर्णभेदी राजवटीतील दक्षिण आफ्रिकेत त्याची गाणी घराघरांत पोहोचली होती आणि त्याने रंगमंचावरच आत्महत्या केली अशी वदंताही तेथे पसरली होती. चाहत्यांनी त्याचा शोध घेतला, तो जिवंत सापडला आणि १९९८ मध्ये त्याने दक्षिण आफ्रिकेत तुडुंब गर्दीसमोर कार्यक्रम केले. ही हकिकत खरी आहे आणि ती पाहताना मन भरून येते.

परंतु चित्रपटाने एक गोष्ट वगळली आहे. रॉड्रिगेझ यांचा ऑस्ट्रेलियातही मोठा चाहतावर्ग होता आणि १९७९ व १९८१ मध्ये त्यांनी तेथे दौरे केले होते. हे सांगितले असते, तर 'संपूर्ण विस्मृती आणि मग अचानक पुनरुत्थान' ही रचना ढासळली असती. दिग्दर्शकाने दक्षिण आफ्रिकेतील चाहत्यांच्या दृष्टीतून कथा सांगितली, असे त्याचे समर्थन करता येते. तरीही प्रेक्षकाला मिळालेल्या दिलाशातला काही भाग या वगळण्यातून आलेला आहे, हे नाकारता येत नाही. अधिक गंभीर बाब अशी की, या रचनेत कलेचे मोल जगाच्या टाळीवर अवलंबून राहते. चाहते आले नसते, तर रॉड्रिगेझ यांची गाणी कमी दर्जाची ठरली असती काय? या प्रश्नाकडे चित्रपट वळत नाही. हा गायक आपली गाणी कशी रचत होता, हेही त्यातून फारसे उमगत नाही.

लुसी वॉकर यांच्या 'वेस्ट लँड' (२०१०) या चित्रपटाची स्थिती निराळी आहे. ब्राझीलमध्ये जन्मलेले चित्रकार व्हिक म्युनिझ रिओ द जानेरोजवळील जार्दिम ग्रामाशो या प्रचंड कचराभूमीवर जातात, तेथील कचरावेचकांची छायाचित्रे काढतात आणि त्यांच्याच मदतीने टाकाऊ वस्तू मांडून त्यांची भव्य चित्रे घडवितात. कचरावेचकांच्या संघटनेचा तरुण नेता दावीदच्या प्रसिद्ध चित्रातील माराच्या रूपात दिसतो. या चित्राचा पुढे लंडनमध्ये लिलाव होतो. हीदेखील वरकरणी यशकथाच आहे. मात्र या चित्रपटाने स्वतःविषयीची शंका दडवलेली नाही. काही आठवडे कलाशाळेत काम केलेल्या या माणसांना पुन्हा कचऱ्याच्या ढिगाकडे पाठविणे योग्य आहे काय, यावर म्युनिझ आणि त्यांचे निकटवर्ती यांच्यात झालेला वाद पडद्यावर येतो. कला जीवन बदलते, हे वाक्य उच्चारणे सोपे आहे. कोणाचे, किती काळ आणि कोणत्या किमतीवर, हे विचारणारा चित्रपट दुर्मिळ असतो. ती कचराभूमी २०१२ मध्ये बंद झाली, त्यामुळे हा प्रश्न चित्रपटाबरोबर संपला नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

हे दोन चित्रपट शेजारी ठेवले असता फरक स्पष्ट होतो. उमेद दोन्हींत आहे. पण पहिल्यात ती कथानकाच्या सोयीसाठी अडचणीची गोष्ट दूर करून येते, तर दुसऱ्यात अडचणीची गोष्ट समोर ठेवूनही ती शिल्लक राहते.

कामाचे दर्शन

यशकथेला पर्याय म्हणून ज्या चित्रपटांचा विचार करता येईल, त्यांचे केंद्र कलावंताचे चरित्र नसून त्याचे काम हे असते. आंरी-जॉर्ज क्लुझो यांचा 'द मिस्ट्री ऑफ पिकासो' (१९५६) हा या परंपरेतील पायाभूत चित्रपट मानला जातो. त्याला कान महोत्सवात परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला होता. त्यातील युक्ती साधी आहे. पिकासो कागदाच्या एका बाजूने चित्र काढतो, शाई पलीकडे झिरपते आणि कॅमेरा त्या पलीकडच्या बाजूने ती टिपतो. त्यामुळे चित्रकाराचा हात दिसत नाही. रेषा जणू आपोआप उमटत जाते. फुलांचा माशात, माशाचा कोंबड्यात आणि कोंबड्याचा चेहऱ्यात होणारा कायापालट पाहताना लक्षात येते की, चित्र म्हणजे आधी ठरलेल्या कल्पनेची नक्कल नव्हे. प्रत्येक रेषा पुढच्या रेषेसमोर नवा प्रश्न ठेवते.

या चित्रपटातील सर्वांत मोलाचा भाग उत्तरार्धात येतो. समुद्रकिनाऱ्याचे एक मोठे चित्र पिकासो पुनःपुन्हा बदलत राहतो. आकृत्या येतात, पुसल्या जातात, रंगांचे थर चढतात. अखेर हे फसले आहे असे तो स्वतःच सांगतो आणि नव्या कॅनव्हासवर नव्याने सुरुवात करतो. त्या काळी जगातील सर्वांत कीर्तिमान असलेला चित्रकार कॅमेऱ्यासमोर फसतो आणि त्याला त्याचा संकोच वाटत नाही. विद्यार्थ्याला धीर देण्यासाठी याहून वेगळ्या उपदेशाची गरज उरत नाही.

अर्थात येथेही सावधगिरी हवी. क्लुझो हे रहस्यपटांचे दिग्दर्शक. फिल्म संपत आली आहे, मिनिटेच उरली आहेत, असा ताण त्यांनी एका प्रसंगात हेतुतः निर्माण केला आहे. कामाचे दर्शनही अखेर संकलनातून घडविलेले असते. अनेक तासांचे काम काही मिनिटांत आवळलेले असते. हे लक्षात न घेतल्यास पाहणाऱ्याला प्रतिभा म्हणजे वेग असे वाटू लागण्याचा धोका आहे.

या धोक्यावरचा उतारा थॉमस रिडेल्सहायमर यांच्या 'रिव्हर्स अँड टाइड्स' (२००१) या चित्रपटात सापडतो. ब्रिटिश शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दी दगड, पाने, बर्फ, काटक्या यांपासून निसर्गातच रचना करतात आणि बहुतेक रचना निसर्गाच्याच स्वाधीन करतात. कॅनडातील समुद्रकिनाऱ्यावर भरतीच्या आत ते दगडांचा एक शंकू रचू पाहतात. तो कोसळतो. पुन्हा रचतात, पुन्हा कोसळतो. प्रत्येक पडझडीनंतर त्या दगडाची ओळख थोडी वाढली, असे त्यांचे म्हणणे आहे. कॅमेरा घाई करीत नाही. कोसळण्याच्या क्षणानंतरचा निःशब्द वेळही तो राखतो. ओंडक्या-काटक्यांची घुमटाकार रचना भरतीच्या पाण्यावर उचलली जाऊन फिरत फिरत दूर जाते, तेव्हा ती नष्ट झाली की पूर्ण झाली, हे ठरविणे प्रेक्षकावर सोपविले जाते. येथे विजय नाही, पुरस्कार नाही, समारंभ नाही. तरीही चित्रपट संपल्यावर मनात प्रसन्नता राहते, कारण कामाचे समाधान फळाच्या टिकण्यावर अवलंबून नसते, हे प्रेक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते.

'द इनर आय' : एक निकष

वरील दोन्ही अंगे, म्हणजे चरित्रातील आघात आणि कामाचे दर्शन, एकत्र आणणारा भारतीय चित्रपट म्हणजे सत्यजित राय यांचा 'द इनर आय'. फिल्म्स डिव्हिजनसाठी १९७२ मध्ये केलेला हा चित्रपट सुमारे वीस मिनिटांचा आहे. विषय आहे विनोदबिहारी मुखर्जी (१९०४–१९८०). शांतिनिकेतनच्या कला भवनात ते नंदलाल बोस यांचे विद्यार्थी आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. राय यांनी १९४० नंतरच्या काळात कला भवनात शिक्षण घेतले, तेव्हा विनोदबिहारी त्यांचे शिक्षक होते. म्हणजे हा शिष्याने केलेला गुरूवरील चित्रपट आहे. अध्यापकवर्गाला या नात्याचे विशेष अगत्य वाटणे स्वाभाविक आहे.

विनोदबिहारींची दृष्टी जन्मापासूनच अत्यंत अधू होती. तरीही त्यांनी चित्रकला स्वीकारली. शांतिनिकेतनातील हिंदी भवनात १९४६–४७ मध्ये त्यांनी मध्ययुगीन संतांच्या जीवनावर केलेले भित्तिचित्र आधुनिक भारतीय कलेतील महत्त्वाचे काम मानले जाते. ते पूर्ण आकाराचा कच्चा आराखडा न करता थेट भिंतीवर रंगविले होते. ज्याला एका वेळी भिंतीचा जवळचा भागच नीट दिसू शकतो, त्याने एवढ्या विस्ताराची एकसंध रचना मनात धरून ठेवली, ही त्या कामातील विलक्षण गोष्ट आहे. वयाची पन्नाशी उलटल्यावर शस्त्रक्रिया अयशस्वी होऊन त्यांची उरलीसुरली दृष्टीही गेली. त्यानंतर त्यांनी रेखाटने, कागदाची कात्रणकला, चिकटचित्रे अशी कामे केली. चित्रपटात ते सिरॅमिक टाइल्सच्या भित्तिचित्राच्या कामात गुंतलेले दिसतात.

ही सामग्री कोणत्याही दिग्दर्शकाला यशकथेकडे ओढून नेणारी आहे. आंधळा चित्रकार या दोन शब्दांतच एक तयार कथानक दडलेले आहे. राय यांनी ते नाकारले. त्यांच्याच आवाजातील निवेदन संयत आहे. दृष्टी गेल्याचा उल्लेख ते आवाज न चढविता करतात. करुण संगीताचा आधार घेत नाहीत, सहानुभूती व्यक्त करणारे साक्षीदार आणत नाहीत. कॅमेरा दोन गोष्टींकडे पाहतो : भिंतींकडे आणि हातांकडे. हिंदी भवनातील चित्रावरून तो सावकाश फिरतो, तेव्हा प्रेक्षकाला ती रचना तिच्या स्वतःच्या गतीने वाचता येते. अंध चित्रकाराचे हात काम करताना दिसतात, तेव्हा ते चाचपडणारे वाटत नाहीत. ते मोजणारे, तपासणारे, निर्णय घेणारे वाटतात. दृष्टी गेल्यावरही चित्रकाराजवळ उरलेले ज्ञान त्या हातांत दिसते.

चित्रपटाच्या शेवटाकडे विनोदबिहारींची भूमिका येते. अंधत्वाला ते नवी जाणीव, नवा अनुभव, अस्तित्वाची नवी अवस्था मानतात. पार्श्वभूमीला सतारीवर आसावरी वाजते. आसावरी हा सकाळच्या प्रहराचा राग. या निवडीचा अर्थ स्पष्ट आहे; पण तो शब्दांत सांगितलेला नाही. अंधत्व हा येथे पार करण्याचा अडथळा उरत नाही. माती, कागद आणि रंग यांच्याप्रमाणेच ती चित्रकाराच्या हाती आलेली एक सामग्री ठरते. अडथळ्याची कथा संपली की तिच्यातील उमेदही संपते. सामग्रीचे तसे नसते, कारण तिच्यातून उद्याही काही घडवायचे असते.

मराठी वाचकाला येथे कुमार गंधर्वांचे स्मरण होणे साहजिक आहे. त्यांच्यावर जब्बार पटेल यांनी 'हंस अकेला' हा माहितीपट केला आहे. क्षयरोगामुळे काही वर्षे गाणे बंद झाले असताना देवासला कुमारांच्या कानावर माळव्यातील लोकगीते पडत राहिली आणि त्यांच्या पुढील गायनाला त्या ऐकण्याने वेगळे वळण दिले. ही हकिकत 'आजारावर मात' म्हणून सांगता येते, तशीच 'ऐकण्याचा काळ' म्हणूनही सांगता येते. पहिल्या सांगण्यात रोग हा खलनायक होतो, दुसऱ्या सांगण्यात गायकाचा कान मध्यभागी येतो. विद्यार्थ्यासमोर कोणते सांगणे ठेवावे, हा निर्णय अध्यापकाचा असतो.

काही आक्षेप

या भूमिकेवर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा की, कामाचे दर्शन घडविणारे चित्रपट एकट्या प्रतिभावंताची प्रतिमा दृढ करतात. पिकासोच्या बाबतीत हा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून आन्येस वार्दा आणि छायाचित्रकार जेआर यांच्या 'फेसेस प्लेसेस' (२०१७) या चित्रपटाकडे पाहता येईल. चित्रीकरणाच्या काळात वार्दा अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि त्यांची नजर अंधुक झाली होती. हे दोघे फ्रान्समधील गावोगावी जाऊन सामान्य माणसांची प्रचंड छायाचित्रे त्यांच्याच घरांच्या, गोदामांच्या भिंतींवर चिकटवितात. खाणकामगारांच्या जुन्या वसाहतीत उरलेल्या एकमेव रहिवासी स्त्रीला स्वतःचा चेहरा घराच्या भिंतीवर पाहून भरून येते. दुसऱ्या गावातील एक स्त्री मात्र आपल्या छायाचित्रामुळे मिळालेल्या प्रसिद्धीने अवघडून जाते, आणि चित्रपट तेही राखून ठेवतो. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील पडक्या लष्करी बांधकामावर चिकटविलेले छायाचित्र एका रात्रीतील भरतीने धुऊन जाते. येथे कला अनेकांच्या सहभागाने घडते आणि तिचे अपुरेपण उघडपणे मान्य केले जाते.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. असे चित्रपट संथ असतात, विद्यार्थी कंटाळतात, म्हणून कथानक असलेले चित्रपटच दाखवावेत. यात तथ्य आहे, पण संथपणा आणि लांबी या वेगळ्या गोष्टी आहेत. 'द इनर आय' एका तासिकेत पाहून त्यावर चर्चाही होऊ शकते. मकबूल फिदा हुसेन यांचा 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' (१९६७) हाही फिल्म्स डिव्हिजनचाच लघुपट. राजस्थानातील दृश्यांत छत्री, कंदील, जोडा अशा वस्तूंचा खेळ मांडणारा आणि निवेदनाविना चालणारा. त्याला बर्लिन महोत्सवात लघुपटासाठीचे 'गोल्डन बेअर' पारितोषिक मिळाले. निवेदन नसल्याने विद्यार्थ्याला काय दिसले हे त्याला स्वतःच सांगावे लागते. अशा वेळी कंटाळ्याच्या जागी कुतूहल येण्याची शक्यता अधिक असते.

या निमित्ताने एका वारशाकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट अनेक दशके चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखविले जात. प्रेक्षक त्या वेळात चहा घेऊन येत, अशी त्यांची ख्याती होती. त्याच साठ्यात राय, हुसेन, मणी कौल यांची कामे आहेत. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. चित्रपटगृहातील सक्ती संपली, पण या साठ्यातील अनेक चित्रपट आता आंतरजालावर पाहता येतात. उमेद देणाऱ्या माहितीपटांचा शोध परदेशी यादीपासून सुरू करण्याऐवजी येथून सुरू करणे अधिक उचित ठरेल.

समारोप

वरील विवेचनातून निवडीचे तीन निकष हाती येतात. एक, चित्रपटात कलावंताचे काम प्रत्यक्ष दिसते काय, की केवळ त्याच्याविषयीचे गौरवोद्गार ऐकू येतात? दोन, फसलेले, कोसळलेले, पुसलेले काम चित्रपटाने राखले आहे काय? तीन, चित्रपटाने दिलेला दिलासा वगळलेली तथ्ये कळल्यानंतरही टिकतो काय? या तिसऱ्या कसोटीवर उतरत नसलेला चित्रपटही वर्गात दाखविता येईल. मात्र त्यासोबत वगळलेली गोष्टही सांगावी लागेल. 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' दाखवून नंतर ऑस्ट्रेलियातील दौऱ्यांविषयी चर्चा घडविणे, हा समीक्षेचा उत्तम पाठ ठरू शकतो.

विद्यार्थ्यांपैकी फार थोडे पुढे कलावंत होतील आणि त्यांतील फार थोडे कीर्तिमान होतील. यशकथा या थोड्यांपैकी थोड्यांशीच बोलते. नजर गेलेल्या माणसाचे हात टाइल जागेवर बसविताना पाहणे हा अनुभव मात्र प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे. तो ज्याला त्याला त्याच्या स्वतःच्या कामाकडे परत पाठवितो. विनोदबिहारींनी चित्रकाराप्रमाणेच शिक्षक म्हणूनही आयुष्य वेचले आणि त्यांच्या एका विद्यार्थ्याने त्यांचे काम पाहून ठेवले. अध्यापकांसाठी 'द इनर आय'मधील उमेद या दुसऱ्या गोष्टीतही आहे.